झिऱ्याला अस्तर

फाल्गुन सरत आलेला असताना, जेव्हा गवताची काडी हात लावताच मोडते आणि पळसाचा बहर ओसरून त्याच्या वाळक्या पाकळ्या पाऊलवाटेवर चुरगळून पडलेल्या असतात, तेव्हाही आमच्या वनातल्या तिसऱ्या वळणावर पहाटेच्या वेळी ओल्या वाळूचा वास यायचा. आजूबाजूला सगळा मुरूम, धूळ आणि कुसळीचा घशात खवखवणारा कोरडा गंध, आणि त्यात मधेच हा गार, मातकट, किंचित शेवाळलेला वास. मी तिथे थांबत असे. गुडघा दुखतो म्हणून थांबलो, असं बरोबरच्यांना सांगत असे, आणि ते अर्धं खरंही होतं. त्या वळणाखाली नाल्याच्या सुक्या पात्रात एक झिरा होता. झिरा म्हणजे वाळूत हातानं उकरलेला, आपोआप पाझरून भरणारा, जेमतेम घागरभर पाण्याचा खड्डा. आता तो नाही. तो आपल्या मरणानं गेला की माझ्या हातून गेला, एवढाच माझा प्रश्न आहे, आणि आता या वयात त्याच्या मागे लागायचा मला थकवा आलाय, असं मी घरी सांगतो.

छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेला सातारा नावाचं गाव आहे. गाव केव्हाच उपनगर झालं, त्याच्या पाठीमागचे डोंगर मात्र अजून डोंगर आहेत, आणि त्यांच्या पायथ्याशी हे राखीव वन आहे. माझ्या तरुणपणी ती बोडकी, गुरं चारायची टेकडी होती. मग तारेचं कुंपण आलं, झाडं लागली, दगडांच्या कडा लावून वळणावळणाच्या पाऊलवाटा आखल्या गेल्या. कडुनिंब, हिवर, खैर, सीताफळ आणि आपोआप उगवलेल्या बोरी बाभळी यांनी हळूहळू टेकडीचा रंग बदलला आणि एके सकाळी कुणालातरी पहिला मोर दिसला. मला वाटतं, शहरातल्या माणसाला एकदा मोर दिसला की त्या जागेविषयी त्याला हक्क वाटू लागतो. आम्ही दहापंधरा निवृत्त लोक रोज पहाटे तिथे चालायला जाऊ लागलो आणि थोड्याच दिवसांत त्याला 'आमचं वन' म्हणू लागलो.

तो दुष्काळाचा लागोपाठचा तिसरा उन्हाळा होता. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, बायपासवर दिवसभर टँकरांची घरघर, आणि कुणीही कुणाला भेटलं की ख्यालीखुशालीच्या आधी 'तुमच्याकडे आलं का काल?' हा प्रश्न. आभाळ निळंसुद्धा नव्हतं, धुरकट पांढरं होतं. माणसं दमलेली होती. दुष्काळाची चर्चा करून करून दमलेली, त्याची सवय होऊन दमलेली. अशा त्या दिवसांत आम्ही वनात जाताना घरून प्रत्येकी एक बाटली पाणी न्यायची, असा रिवाज पडला होता. झाडांखाली पाखरांसाठी मातीचे पसरट परळ मांडलेले होते, त्यांत ते ओतायचं. कुणी तांदूळ धुतलेलं आणायचं, कुणी शुद्धीकरणाच्या यंत्रातून वाया जाणारं. माझी बायको, सुधा, बाटली भरून देताना म्हणायची, "घरच्या तुळशीला तांब्याभर घालताना हात आखडतो तुमचा, मोराला मात्र दोन लिटर." तिचं बरोबर होतं. तुळस आम्हाला चांगलं म्हणायला येत नव्हती.

माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, कालव्यांवर गेली. कालव्यातलं पाणी जमिनीत मुरून वाया जाऊ नये म्हणून त्याच्या तळाला आणि काठांना काँक्रीटचा थर देतात, त्याला आम्ही अस्तर म्हणायचो. उन्हातान्हात उभं राहून मी मैलोन्मैल अस्तर घालून घेतलं. कुठे तडा गेला, कुठे पाणी झिरपलं की तो मला स्वतःचा अपमान वाटे. निवृत्त झाल्यावर माणसाचं पद जातं, टेबल जातं, पण अशी एखादी ओढ शरीरात राहून जाते. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेचं पाणी मातीत शिरताना दिसलं तरी माझा जीव खालीवर होतो, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

झिरा होता गयाबाईचा. म्हणजे जमीन सरकारची, नाला डोंगराचा, पण वाळूत जागा हेरून तो उकरला होता तिनं. ती वनात रोजंदारीवर होती. उन्हाळ्याच्या चार महिन्यांत परळांत पाणी भरायचं आणि पाऊलवाटा झाडायच्या, एवढं तिचं काम. मूळची पाचोडकडची. तिकडे ती मोसंबीच्या बागांत कामाला जायची. दुष्काळात बागा वाळल्या, मालकांनी झाडं मुळापासून काढली, आणि बागेतली माणसं शहराकडे आली. लग्न होऊन सासरी आल्यावर नदीच्या पात्रात झिरा कसा धरायचा हे तिला सासूनं शिकवलं होतं, आणि पाण्याविषयी तिला जे ठाऊक होतं ते एवढंच, असं ती म्हणायची.

उजाडता उजाडता ती नाल्यात उतरायची. रात्रीतून ढासळलेली वाळू जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, वाटीनं बाजूला काढायची, वरचं थोडं गढूळ पाणी कडेच्या बोरीला घालायची, आणि मग गुडघ्यांवर हात ठेवून नुसती बसून राहायची. तळातून पाणी वर यायचं. बुडबुडा नाही, आवाज नाही. तिला ते चढताना दिसायचं. मला कधी दिसलं नाही, मला फक्त मघाशी नव्हतं आणि आता आहे एवढंच कळायचं. एकदा मी हौसेनं तिच्याकडून वाटी मागून घेतली आणि भराभर उपसायला लागलो, तर सगळं पाणी गढुळलं. "दम धरा, सायेब," ती म्हणाली. "त्याला त्याच्या मनानं येऊ द्या." अशा तीन-चार घागरी ती सकाळभरात भरायची. शेवटी जे पाणी उरे ते सशामुंगसांचं. कुत्र्यांनी तोंड घालू नये म्हणून जाताना ती वर बोरीची काटेरी फांदी ठेवायची आणि एका बाजूला मुंगसापुरती फट सोडायची.

मला तो झिरा बघवेना. हे असं लिहायला विचित्र वाटतं, पण त्याचं ते ढासळतं, वाळकट रूप, पुन्हा पुन्हा उकरावं लागणं, आणि मुख्य म्हणजे उरलेलं पाणी दिवसभर उघड्या वाळूत सोडून देणं, हे सगळं मला रोज खटकत असे. इतक्या दुष्काळात घोटभर पाणीही मुरू देणं मला पाप वाटत होतं. एके दुपारी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून मी नकाशा काढला. गोल, देखणा, कमरेइतका खोल हौद. एका अंगाला तित्तिराच्या पिलांनाही उतरता येईल असा सौम्य उतार. डोंगराकडच्या भिंतीला पाझर आत येण्यासाठी तीन छिद्रं. आणि तळाला अस्तर. सुधा स्वयंपाकघरातून डोकावून म्हणाली, "बऱ्याच दिवसांनी पेन्सिलीला टोक केलंत." मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. एवढं बरं निवृत्त झाल्यापासून वाटलं नव्हतं.

वनरक्षकानं मान डोलावली, आमच्या मंडळींनी सिमेंट आणि खडी आणली, आणि रंगपंचमीनंतरच्या रविवारी आम्ही कामाला लागलो. निवृत्त गणित शिक्षक पठाण सर, माझे रोजचे चालण्यातले सोबती, घमेलं उचलायला पुढे होते. "कुलकर्णीसाब," ते हसत म्हणाले, "उमर हो गई, पर तुम्हारा नक्शे का शौक नई गया." गयाबाई काठावर उभी होती. तिनं घागर खाली ठेवली होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती आमचं काम पाहत होती. तळाला माल पसरायची वेळ आली तेव्हा ती पुढे आली आणि हलक्या आवाजात, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं मला म्हणाली, "सायेब, बुडाला सिमिट लावू नका. पानी खालून यायलंय."

मी तिला समजावून सांगितलं. समजावून सांगायचा मला सराव आहे. पाणी डोंगराकडून, म्हणजे बाजूनं येतं, त्याच्यासाठी मी छिद्रं ठेवली आहेत. खालून ते येत नाही, खालून फक्त जातं, असं मी म्हणालो. "व्हय का," ती म्हणाली, आणि पुन्हा काठावर जाऊन उभी राहिली. मी थापी घेऊन स्वतः तळ गुळगुळीत केला. आयुष्यभर मी पाणी जमिनीत जाऊ नये म्हणून झटलो होतो. ते जमिनीतून वर येतं, हे मी रोज पहाटे डोळ्यांनी पाहत होतो, तरी थापी हातात आल्यावर मला ते आठवलं नाही.

हौद देखणा झाला. पहिले चार दिवस आम्ही कॅननं पाणी ओतलं, एक मोर खरंच उतारावरून खाली आला, त्याची छायाचित्रं सगळ्यांच्या फोनवर फिरली, आणि माझ्या मुलानं पुण्याहून 'बाबा, ग्रेट' असं कळवलं. मी मात्र रोज पहाटे तीन छिद्रांत बोट घालून पाहत होतो. पहिल्या छिद्रात एक दिवस ओलसर लागलं. नंतर तेही नाही. मी उन्हाला दोष दिला, वाऱ्याला दिला, सिमेंट अजून कच्चं आहे म्हणालो. पाडव्यापर्यंत तिन्ही छिद्रं अशी कोरडी होती की त्यांत मुंग्यांनी ये-जा सुरू केली.

मग जे व्हायचं ते ओघानं झालं. झिराच नाही म्हणजे घागरी नाहीत. परळांत आता आम्हीच कॅननं पाणी टाकत होतो, आणि वाटा काय, आठवड्यातून एकदा झाडल्या तरी चालत होत्या. गयाबाईला उद्यापासून नको म्हणून सांगण्यात आलं. ती बोरीच्या बुंध्याशी ठेवलेली आपली जर्मनची वाटी न्यायला आली, तेव्हा मी तिथेच होतो. हौदाच्या काठावर ती जरा थांबली, आत डोकावली, आणि म्हणाली, "चांगला झालाय, सायेब. मोरं येत्याल." ती चिडून बोलली असती तर मी माझी छिद्रं आणि माझा उतार घेऊन वाद घातला असता. तिनं ती सोय ठेवली नाही. घरी आल्यावर मी दिवसभर कुणाशीही नीट बोललो नाही.

हौद फोडायचा विचार माझ्या मनात दहा वेळा आला आणि दहा वेळा मी तो पुढे ढकलला, कारण फोडायचा म्हणजे आधी कबूल करायचं. शेवटी पठाण सरांनाच सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते कुठूनशी पहार घेऊन आले. "तोड डालो. नक्को सोचो," एवढंच म्हणाले. मी घातलेलं अस्तर चांगलं होतं. दोन म्हाताऱ्यांना ते फोडायला तीन सकाळी लागल्या, आणि ते इतकं पक्कं निघालं याचा मला तेव्हाही, अगदी लाज वाटावी इतका, थोडा अभिमान वाटला. खालची वाळू मी हातानं उकरली. मनगटापर्यंत कोरडी, कोपरापर्यंत कोरडी. त्याखाली गार होती, पण ओली नव्हती.

त्यानंतर आठ-दहा दिवस मी पहाटे घरून वाटी घेऊन जात होतो आणि नाल्यात बसत होतो. दम धरत होतो. होला घुमायचा, सातभाईंचा कलकलाट व्हायचा, कुंपणापलीकडे पहिला टँकर गिअर बदलायचा, ऊन खैराच्या शेंड्यावरून उतरत उतरत माझ्या पाठीवर यायचं, आणि खड्ड्यात वाळू असायची. अडवलेलं पाणी वाट पाहत बसत नाही, कातळातली दुसरी भेग शोधतं, आणि एकदा तिकडे वळलं की जुन्या जागी परत येईलच असं नाही. हे मला पुस्तकानंही शिकवलं होतं आणि नोकरीनंही. पण पाणी मुळातच इतकं खाली गेलं असेल की तळ गुळगुळीत केला काय आणि न केला काय, तो झिरा त्याच आठवड्यात आटणार होता, हेही शक्य होतं. चहूकडे विंधनविहिरी चाललेल्या होत्या. मी एक दिवस स्वतःला फाशी द्यायचो, दुसऱ्या दिवशी सोडून द्यायचो. या न्यायदानानं माणूस फार थकतो.

वैशाख लागल्यावर मी गयाबाईला शोधत गेलो. तिनं येऊन एकदा जागा पाहावी, वाळूत हात घालून काय ते सांगावं, एवढंच मला हवं होतं. वनाच्या खालच्या अंगाला, बायपासच्या अलीकडे, पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ आहे, तिथे ती शहरात आल्यापासून राहत होती. खोलीला कडी होती. शेजारणीनं समोरच्या बांधकामाकडे बोट दाखवलं. तिथे नव्या इमारतीचा, गाड्या ठेवायच्या तळघरासाठी, दोन पुरुष खोल खड्डा खणलेला होता आणि त्याच्या एका कोपऱ्यात पंप धडधडत होता. पंपाची जाड निळी नळी काठावरून येऊन रस्त्याकडेच्या गटारात सुटलेली होती आणि तिच्यातून, आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या त्या शहरात, भर दुपारी स्वच्छ पाणी भसाभसा वाहून जात होतं. पत्र्याच्या खोल्यांतल्या बायका तिथेच कपडे धूत होत्या.

गयाबाई डोक्यावरची चुंबळ हातात घेत वर आली. मला पाहून तिला नवल वाटलं नाही, किंवा वाटलं तरी तिनं दाखवलं नाही. इथं हजेरी बरी आहे, म्हणाली. मी झिऱ्याचं विचारलं, येऊन बघाल का म्हणालो. ती म्हणाली, "आता तिथं काय बघायचं, सायेब? पान्यानं दुसरी वाट धरली." आणि हनुवटीनं खड्ड्याकडे खूण केली. "हितं बघा की. लई लागलंय."

माझी नजर सवयीनं उतार मापू लागली. डोंगराची सोंड, नाल्याचं वळण, कुंपण, आणि हा खड्डा, सगळं एका ओळीत, आणि खड्ड्याचा तळ झिऱ्याच्या तळापेक्षा किती तरी खाली. काळ्या कातळातल्या एका उभ्या भेगेतून पाणी झिरपताना वरूनही दिसत होतं. आणि मला एकदम हलकं वाटलं, खूप दिवस अंगावर असलेला ताप उतरावा तसं. हा खड्डा माझ्या सिमेंटच्या आधी खणलेला असेल तर पाणी यानं ओढून घेतलं होतं आणि मी निर्दोष होतो. नंतरचा असेल तर मी अडवलेलं पाणी वाट काढत खाली आलं आणि यांना आयतं सापडलं. सगळं एका तारखेवर होतं. मी शक्य तितक्या सहज आवाजात तिला विचारलं, हा खड्डा खणला कधी?

"पाडव्याच्या..." असं काहीतरी तिनं सुरू केलं आणि ती थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं. नाल्यात बसून पाणी चढायची वाट पाहताना ती जसं बघायची, तसंच घाई न करता पाहिलं. मग पदरानं कपाळ पुसत म्हणाली, "नाय. शिमग्याच्याबी आधी खणलाय. तुमच्या सिमिटाच्या लई आधी." आणि चुंबळ पुन्हा डोक्यावर ठेवून ती उतरणीकडे वळली. तिला खरंच आधी चुकून पाडवा आठवला आणि मग शिमगा, की तिनं समोर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाला त्याला हवं ते देऊन टाकलं, हे मला सांगता येत नाही. तिच्या नोकरीचं मी वाटोळं केलं होतं आणि ती मला मोकळं करून कामाला निघाली होती. माझे डोळे भरून आले, आणि ते उन्हानं नव्हे.

तेवढ्यात मला पाहून बांधकामाचा मुकादम जवळ आला. मी स्वतःला सावरलं आणि त्याला वनातल्या पाखरांचं, रिकाम्या परळांचं सांगितलं, गटारात चाललेलं पाणी वर नेता येईल का विचारलं. माणूस भला होता. "न्या की साहेब," तो म्हणाला, "आम्हाला फेकायचीच पंचाईत झालीय. छोटा टँकर आहे आमचा, रोज एक खेप पाठवतो." मी त्याला वाट समजावली, कुंपणाचं कोणतं दार उघडं असतं ते सांगितलं. तो कौतुकानं ऐकत होता, आणि बोलता बोलता त्याला आपल्या कामाची हकिगत सांगायचा हुरूप आला. "काय सांगू साहेब, खणायला घेतलं त्या दिवसापासून हे पाणी... आता तारीख बघा ना, आम्ही सुरुवात केली ती..." असं म्हणून तो आठवू लागला, तेव्हा मी त्याला मधेच तोडलं आणि टँकर सकाळी किती वाजता येईल ते विचारलं.